वादळात छताचा कोपराच आधी का उचकटतो?

मोठं वादळ होऊन गेलं की पडझडीचे फोटो बातम्यांत येतात. ते फोटो जरा वेळ देऊन पाहिले तर एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. भिंती उभ्या असतात, छताचा मधला भागही बऱ्याचदा जागेवर असतो, पण कडेचा किंवा कोपऱ्यातला पत्रा गेलेला असतो. छत उलगडायला तिथूनच सुरुवात झालेली असते. वारा तर सगळ्या छतावरून वाहत होता. मग एका कोपऱ्यावरच एवढा जोर कुठून आला?

वाऱ्याच्या वेगाचा आकडा याचं उत्तर देत नाही. उत्तर आहे वाऱ्यातल्या खळबळीत, म्हणजे टर्ब्युलन्समध्ये. या खळबळीबद्दल एक समज फार पक्का आहे: वारा आपला सरळ वाहतो आणि खळबळ त्यावर थोडी थरथर चढवते. हा समज चुकीचा आहे. खळबळ वाऱ्याची वाटच बदलते, आणि वाट बदलली की भिंतीवर, छतावर, पुलावर पडणाऱ्या दाबाचा सगळा नकाशा बदलतो. हे समजायला अभियंत्यांनाही जवळजवळ अर्धं शतक लागलं, त्यामुळे सावकाश जाऊ.

दाब ढकलतो, तसाच ओढतोही

वाहती हवा एखाद्या भिंतीवर आदळून थांबली की तिथला दाब वाढतो. किती वाढतो, त्याचा हिशोब सोपा आहे. वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग करायचा आणि त्याला ०.६ ने गुणायचं. उत्तर पास्कलमध्ये येतं. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. ४० चा वर्ग १६००, गुणिले ०.६, म्हणजे ९६० पास्कल. साध्या भाषेत, एका चौरस मीटरवर साधारण ९८ किलो वजन ठेवल्यासारखं.

यातला वर्ग लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

हा हिशोब समोरच्या भिंतीचा झाला. बाजूच्या भिंती, मागची भिंत आणि सपाट छत यांच्यावर मात्र हवा ढकलत नाही, ओढते. म्हणजे तिथला दाब आजूबाजूच्या हवेपेक्षा कमी होतो आणि आतली हवा पृष्ठभागाला बाहेर लोटते. अभियंते ही ओढ एका साध्या गुणांकात सांगतात: वर काढलेल्या दाबाच्या किती पट. उणे १ म्हणजे तेवढीच ओढ, उणे २ म्हणजे दुप्पट. यापुढे मी नुसतं 'दाब गुणांक' म्हणेन.

अर्धा मिलीमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन दर चौरस मीटरला चार-पाच किलो भरतं. दाब गुणांक उणे १ असेल, तर सेकंदाला १० मीटरचा वाराही त्याला सहा किलोने वर ओढतो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनाने छतावर बसलेला नसतोच. त्याला स्क्रूंनी धरून ठेवलेलं असतं.

बोथट वस्तू आणि सुटलेला प्रवाह

विमानाच्या पंखाभोवती हवा शेवटपर्यंत पृष्ठभागाला चिकटून जाते, कारण पंखाचा आकार तिला हळूहळू वळायला देतो. घर, पुलाचा खांब, ट्रक, कारखान्याची चिमणी यांच्याभोवती असं होत नाही. अशा वस्तूंना बोथट म्हणतात. धावत आलेल्या माणसाला काटकोनात वळायला सांगितलं तर तो वळण चुकवून पुढे निघून जातो. भिंतीवरून वर आलेली हवाही छताच्या धारेवर तशीच वळू शकत नाही. ती धारेवरून वर उडते आणि छत सोडून देते. यालाच प्रवाह सुटणं म्हणायचं.

सुटलेला प्रवाह आणि छत यांच्यामध्ये हवेचा एक खिसा तयार होतो. त्यात हवा मंदपणे गोल फिरत असते, कधी उलट दिशेनेही वाहते. छत पुरेसं लांब असेल तर सुटलेला प्रवाह पुढे कुठेतरी खाली येऊन पुन्हा छताला चिकटतो आणि खिसा बंद होतो. छत आखूड असेल तर प्रवाह चिकटतच नाही, खिसा मागच्या मोकळ्या हवेत मिसळून जातो.

छतावरची ओढ ठरते ती या खिशात. तो किती लांब आहे, किती उथळ आहे आणि किती जोराने फिरतोय, यावर सगळं अवलंबून असतं.

खळबळ मोजतात कशी

जमिनीजवळचा वारा कधीच एका वेगाने वाहत नाही. झाडं, घरं, उंचवटे यांवरून घसटत येताना त्यात लहानमोठे भोवरे तयार होतात. काही भोवरे शंभर मीटरहून मोठे, काही हाताच्या तळव्याएवढे. वेगाचा चढउतार सरासरी वेगाच्या किती टक्के आहे, त्याला खळबळीची तीव्रता म्हणतात. मोकळ्या मैदानावर दहा मीटर उंचीला ती साधारण १५ ते २० टक्के असते. दाट वस्तीत त्याहून बरीच जास्त. जुन्या काळच्या उत्तम विंड टनेलमध्ये, म्हणजे जिथे पंख्याने वारा सोडून छोट्या प्रतिकृती तपासतात त्या बोगद्यात, ती एक टक्क्याच्याही खाली असायची. ते बोगदे विमानांसाठी बांधलेले होते आणि विमान आकाशातल्या शांत हवेत उडतं. घर मात्र जमिनीवर उभं असतं. हा फरक पुढे फार महाग पडला.

खिसा उपसणारा पातळ पट्टा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वरून जोरात जाणारी हवा आणि खालच्या खिशातली मंद हवा यांच्यामध्ये एक पातळ पट्टा असतो. या पट्ट्यात काही सेंटिमीटरच्या आत वेग शून्याजवळून पूर्ण वाऱ्याएवढा होतो. त्याला शिअर लेअर म्हणतात. मी त्याला पट्टाच म्हणतो. असा पट्टा स्थिर राहू शकत नाही. तलावावरून वारा गेला की पाण्यावर लाटा उठतात, तशा यातही लाटा उठतात आणि गुंडाळून त्यांचे छोटे भोवरे होतात.

हे भोवरे रहाटाच्या पोहऱ्यांसारखं काम करतात. प्रत्येक भोवरा खिशातली थोडी हवा उचलतो आणि वाऱ्याबरोबर पुढे घेऊन जातो. खिशातली हवा अशी उपसली गेली की तिथला दाब उतरतो. दाब उतरला की वरचा प्रवाह खाली ओढला जातो, वाकतो आणि शेवटी छताला टेकतो. टेकतो तिथे प्रवाह दुभंगतो, आणि त्यातली थोडी हवा उलटी फिरून खिशात परत येते. उपसलेली हवा आणि परत आलेली हवा यांचा मेळ जिथे बसतो, तेवढी खिशाची लांबी.

आता येणारा वाराच खळबळलेला आहे असं धरा. त्यातले बारीक भोवरे पट्ट्याला धारेवरच गाठतात. ज्या लाटा उठायला एरवी थोडं अंतर लागलं असतं, त्या तिथल्या तिथे उठतात. पट्टा लवकर जाड होतो, पोहरे मोठे होतात, उपसा वाढतो. मग मेळ बसण्यासाठी प्रवाहाला अधिक जोरात वाकून लवकर टेकावं लागतं. खिसा आखूड होतो.

आखूड खिसा म्हणजे कमी धोका, असं इथे वाटू शकतं. होतं उलट. सायकलवरून तीव्र वळण घ्यायचं असेल तर आत झुकावं लागतं, कारण वळण जितकं तीव्र तितका आतल्या बाजूचा जोर जास्त लागतो. हवेला झुकता येत नाही. तिला वळवण्यासाठी लागणारा आतला जोर फक्त दाबाच्या फरकातून मिळतो. म्हणून प्रवाह जितका तीव्र वाकतो, तितका त्याच्या पोटातला दाब खाली जातो. खळबळीच्या वाऱ्यात धारेजवळची ओढ वाढते ती यामुळे. एवढंच की ती थोड्या जागेत गोळा होते आणि मागे गेल्यावर दाब लवकर पूर्ववत होतो. नकाशावर पाहिलं तर उथळ, पसरट खड्ड्याच्या जागी अरुंद आणि खोल खड्डा.

कॅस्ट्रो आणि रॉबिन्स या संशोधकांनी १९७७ मध्ये जमिनीवर ठेवलेल्या घनावर हे स्वच्छ दाखवलं. एकसारख्या, शांत प्रवाहात घनाच्या माथ्यावरून सुटलेली हवा माथ्यावर परत टेकतच नाही. जमिनीलगतच्या वाऱ्यासारख्या खळबळलेल्या प्रवाहात तीच हवा माथ्यावर टेकते आणि घनामागचा रिकामा भागही बराच लहान होतो. घन तोच. बदलला फक्त येणाऱ्या वाऱ्याचा पोत.

"मिसळण वाढली तर दाब सगळीकडे सारखा व्हायला हवा ना?"

ही शंका रास्त आहे, आणि निम्मी बरोबरही आहे. मागच्या भागात खरोखरच असं होतं. लांब चौरस खांबाचं उदाहरण घ्या. शांत प्रवाहात तो वाऱ्याचा फार मोठा विरोध करतो; त्याचा विरोध गुणांक, म्हणजे हा विरोध मूळ दाबाच्या हिशोबात सांगणारा आकडा, २.१ च्या आसपास असतो. प्रवाहात खळबळ घातली की हा आकडा बराच उतरतो. बाजूने सुटलेले पट्टे आता अधिक वाकतात, खांबाच्या मागच्या कोपऱ्यांच्या जवळ येतात, मधूनमधून टेकतातही. मागचा रिकामा भाग अरुंद होतो आणि मागच्या बाजूची ओढ कमी होते. बी. जे. व्हिकरी यांनी १९६६ मध्ये असंच मोजलं. खळबळीमुळे मागची ओढ कमी झालीच, शिवाय खांबाला आडवं हलवणाऱ्या बलाचा चढउतार जवळपास निम्म्यावर आला.

म्हणजे खळबळ फायद्याची? थांबा. वाऱ्याला आडवी धरलेली पातळ पट्टी घ्या, एखाद्या फळीसारखी. तिथे खळबळीमुळे मागची ओढ वाढते आणि एकूण विरोधही वाढतो. तोच वारा, तीच खळबळ, पण उत्तर उलटं.

मला हा भाग या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण ही दोन उलटी उत्तरं एकाच कल्पनेतून सुटतात. जपानमध्ये नाकागुची आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं, की आयताकृती खांबाची वाऱ्याच्या दिशेतली खोली वाढवत नेली तर त्याचा विरोध आधी वाढतो, खोली रुंदीच्या ०.६२ पट झाली की शिखर गाठतो आणि मग उतरतो. खोली वाढली की मागे तयार होणारे भोवरे आधी खांबाच्या पाठीला अधिक जवळून भिडतात आणि ओढ वाढते. खोली आणखी वाढली की पट्टे खांबाच्या बाजूंनाच अडतात आणि भोवरे दूर ढकलले जातात.

खळबळीत पट्टे लवकर जाड होतात आणि जास्त वाकतात. त्यामुळे खळबळलेल्या वाऱ्यात वस्तू प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त खोल असल्यासारखी वागते. पातळ फळी शिखराच्या अलीकडे आहे, तिची खोली 'वाढली' की ती शिखराकडे चढते. चौरस खांब शिखराच्या पलीकडे आहे, त्याची खोली 'वाढली' की तो आणखी खाली उतरतो. एका वाक्यात दोन्ही कोडी सुटली.

चेंडूचं गणित वेगळं आहे

खळबळ आणि बोथट वस्तू म्हटलं की बऱ्याच जणांना गोल्फच्या चेंडूवरचे खळगे आठवतात. ते उदाहरण खरं आहे, पण ते घराला जसंच्या तसं लावलं जातं तेव्हा गोंधळ होतो.

गोल वस्तूला धार नसते. हवा कुठे सुटायचं हे स्वतः ठरवते. चेंडूच्या पुढच्या अर्ध्या भागावर हवा उतारावरच्या सायकलसारखी वेग घेत जाते. मागच्या अर्ध्या भागावर तिला वाढत्या दाबाचा चढ चढायचा असतो. पृष्ठभागाला लागून असलेला पातळ थर, म्हणजे सीमास्तर, घर्षणाने दमलेला असतो. तो चढ चढू शकत नाही आणि सुटतो. या थरातच खळबळ निर्माण झाली तर वरची वेगवान हवा खाली मिसळते, दमलेल्या थराला बळ मिळतं आणि तो अधिक मागेपर्यंत चिकटून राहतो. मागचा रिकामा भाग अरुंद होतो, विरोध कोसळतो. क्रिकेटचा चेंडू स्विंग होतो त्यामागेही हेच असतं: शिवण एका बाजूच्या थराला खळबळवते, दुसरी बाजू शांत राहते, आणि हवा दोन बाजूंना वेगवेगळ्या जागी सुटते.

पॅरिसचा मनोरा उभारणाऱ्या गुस्ताव आयफेल यांनी नंतर हवेच्या विरोधाचा अभ्यास हाती घेतला. १९१२ च्या सुमारास त्यांनी गोलाचा विरोध मोजला, तेव्हा जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या प्रयोगशाळेचा आकडा त्यांच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त निघाला. दोघांची मापं बरोबर होती; फरक होता तो थर खळबळलेला आहे की नाही याचा. १९१४ मध्ये लुडविग प्रांट्ल यांनी गोलावर बारीक तारेचं एक कडं बसवलं. तारेने थर खळबळला आणि गॉटिंगेनमध्येही विरोध उतरला. पुढे तर गोल हेच बोगद्यातली खळबळ मोजण्याचं साधन झालं. गोलाचा विरोध ज्या वेगाला कोसळतो, तो वेग बोगद्यात जितका कमी, तितकी तिथली हवा जास्त खळबळलेली.

घराच्या धारदार कडेवर मात्र सुटण्याची जागा ठरलेलीच असते. तिथे खळबळ प्रवाहाला जास्त वेळ चिकटवून ठेवू शकत नाही; तो सुटल्यानंतर काय करतो, एवढंच ती बदलते. गोलाचा धडा घराला लावू नये तो यासाठी.

"सर्वात जोरदार झोताचा वेग धरला की हिशोब संपला ना?"

बऱ्याच बांधकाम संहितांचा पाया खरोखर असाच आहे, आणि समोरच्या भिंतीसाठी तो चांगला चालतो. समजा खळबळ २० टक्के आहे. मोठा झोत सरासरीपेक्षा असे तीन चढउतार, म्हणजे ६० टक्के, वर जातो असं धरलं तर वेग १.६ पट होतो. वर्ग केला की २.५६. म्हणजे सरासरी वारा जेवढा दाब देतो, त्याच्या अडीच पटींहून जास्त दाब क्षणभर येतो. घरापेक्षा कितीतरी मोठा भोवरा येतो तेव्हा घराच्या दृष्टीने तो नुसता वेग वाढलेला वारा असतो, त्यामुळे हे गणित बसतं.

बारीक भोवऱ्यांच्या बाबतीत ते मोडतं. पट्ट्याच्या जाडीएवढे भोवरे वेग वाढवत नाहीत, ते पट्ट्याचा स्वभाव बदलतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात विल्यम मेलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टोकाच्या दाबांचा बारकाईने माग काढला. खळबळीचा एखादा तुकडा योग्य क्षणी धारेवर येतो, पट्टा तिथेच गुंडाळतो, आणि छताच्या अगदी जवळ एक जोरकस भोवरा तयार होतो. सेकंदाच्या छोट्या हिश्शापुरता त्याच्याखालचा दाब पार कोसळतो. त्या क्षणी वारा सर्वात वेगवान असेलच असं नाही. म्हणून नुसता झोताचा वेग पाहून हा आकडा काढता येत नाही.

कोपऱ्यात काय घडतं

वारा छताच्या कडेला काटकोनात आला तर वरचं सगळं चित्र लागू होतं. तो तिरका, कोपऱ्याच्या दिशेने आला तर आणखी एक गोष्ट घडते. कोपऱ्यापासून निघणाऱ्या दोन्ही कडांवरून हवा गुंडाळत जाते आणि दोन लांबट भोवरे तयार होतात. कोपऱ्याशी टोकदार, पुढे रुंद होत जाणारे, शंकूसारखे. पाण्याने भरलेल्या बादलीत हात गरागरा फिरवला की मधला भाग खाली खचतो. भोवऱ्याच्या पोटात दाब असाच खचलेला असतो. आणि हे भोवरे छतापासून काही सेंटिमीटरवर, जवळजवळ एका जागी टिकून असतात.

कोपऱ्याशी दाब गुणांक क्षणभरासाठी उणे ८, उणे १० इथवर जातो, प्रत्यक्ष इमारतींवर त्याहूनही पुढे गेलेला मोजला आहे. सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर सरासरी वाऱ्याचा मूळ दाब ३७५ पास्कल. त्याच्या आठ पट म्हणजे ३००० पास्कल. पत्र्याच्या त्या तुकड्यावर दर चौरस मीटरला तीनशे किलोहून जास्त उचल. आणि त्याच वेळी समोरची खिडकी फुटलेली असेल, तर आत शिरलेला वारा छताला खालूनही ढकलत असतो.

"पण क्षणभराच्या दाबाने काय बिघडतंय?"

ही शंका जुनी आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. १८७९ मध्ये स्कॉटलंडमधला टे पूल वादळात कोसळला. त्यानंतर तिथल्याच फोर्थ पुलाची तयारी करताना अभियंते बेंजामिन बेकर यांनी उघड्यावर दोन आकारांच्या फळ्या उभारल्या, एक सुमारे २८ चौरस मीटरची आणि बाकीच्या त्याच्या दोनशेव्या हिश्शाच्या. लहान फळीवर दर चौरस फुटाला येणारा दाब मोठ्या फळीपेक्षा जास्त नोंदला जायचा. कारण झोताचं शिखर एकाच वेळी मोठ्या जागेवर येत नाही. पुलाच्या किंवा संपूर्ण इमारतीच्या सांगाड्यासाठी म्हणूनच टोकाचा आकडा सगळीकडे धरत नाहीत.

पण एक पत्रा, एक काच, एक स्क्रू ही लहान फळी आहे. तिला शिखर पूर्ण भोगावं लागतं. आणि ते एकदा येऊन जात नाही, वादळ चालू असेपर्यंत हजारो वेळा येतं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुढेमागे वाकवत राहिलं की तुटते. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर उद्ध्वस्त केलं. वारामापक बंद पडण्यापूर्वी त्याने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदला होता. नंतरच्या तपासात दिसलं, की छतांचे पत्रे स्क्रूंच्या भोवती चिरा पडून सुटले होते. एकाच मोठ्या झटक्यात जे टिकले असते, ते दाबाच्या चढउताराने थकून तुटले. तेव्हापासून तिथे पत्र्यांची चाचणी एका भाराने घेऊन भागत नाही, भार पुन्हापुन्हा चढवून-उतरवून घ्यावी लागते.

प्रतिकृतीने चुकीचं का सांगितलं

डेन्मार्कच्या मार्टिन येन्सेन यांनी १९५८ मध्ये दाखवलं, की बोगद्यातल्या घराच्या प्रतिकृतीवरचे दाब खऱ्या घराशी जुळायचे असतील तर बोगद्याच्या तळाचा खडबडीतपणाही घराच्याच प्रमाणात लहान करावा लागतो. गुळगुळीत तळावर मिळणारे आकडे जुळत नाहीत. आज हे उघड वाटतं, पण त्याआधीची कितीतरी कोष्टकं शांत प्रवाहात मोजलेली होती.

१ नोव्हेंबर १९६५ ला इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्राच्या आठ कूलिंग टॉवरपैकी, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांपैकी, तीन पडले. प्रत्येकाची उंची सुमारे ११४ मीटर. पडले ते वाऱ्याच्या मागच्या रांगेतले, म्हणजे जे पुढच्यांच्या आडोशाला आहेत असं कुणालाही वाटलं असतं. आराखड्यात सरासरी वारा धरला होता, झोतांचा विचार तोकडा होता, आणि एकट्या टॉवरवर घेतलेल्या मापांत पुढच्या टॉवरांमागे उठणारी खळबळ नव्हती.

या धड्यांनंतर बोगदे लांब झाले, तळावर ठोकळे आले, जमिनीजवळच्या वाऱ्याची नक्कल होऊ लागली. तरीही एक फट उरली. अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठाने माळावर रुळांवर फिरवता येणारी एक खरी इमारत उभारली आणि तिच्यावरचे दाब प्रतिकृतीशी ताडून पाहिले. बहुतेक ठिकाणी आकडे छान जुळले. छताच्या कोपऱ्यातली टोकाची ओढ मात्र प्रतिकृतीने कमी दाखवली. खऱ्या वाऱ्यातले सगळे आकार, शंभर मीटरपासून बोटाएवढ्या भोवऱ्यापर्यंत, दोन मीटरच्या बोगद्यात एकाच वेळी बसवता येत नाहीत, आणि कोपरा तर बारीक भोवऱ्यांनाच सर्वात हळवा असतो.

कॉम्प्युटरने हा प्रश्न सुटला असता असं वाटेल. रोजच्या वापरातली साधी गणिती मॉडेलं खळबळीची फक्त सरासरी धरतात, आणि त्यातलं सर्वात प्रचलित मॉडेल समोरच्या धारेपाशी, जिथे हवा अडून दबते, तिथे नसलेली खळबळ निर्माण करतं. मग तुम्हाला आता माहीत असलेलीच साखळी सुरू होते: पट्टा लवकर जाड होतो, खिसा कागदावर नको तितका लहान होतो किंवा नाहीसाच होतो, आणि छतावरची ओढ चुकते. मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारी पद्धत यापेक्षा खूपच चांगली उत्तरं देते. फक्त तिला कित्येक पट जास्त गणन लागतं, आणि आत येणारा वारा खऱ्या खळबळीसह भरवावा लागतो.

मग कडेचं काय करतात

या सगळ्यामुळे संहितांमध्ये छताचे विभाग पाडलेले असतात. मधला भाग, कडा आणि कोपरे यांना वेगवेगळे दाब गुणांक, कोपऱ्यांना सर्वात मोठे. नीट बांधलेल्या छतावर कडेजवळचे स्क्रू मध्यापेक्षा दाट बसवलेले दिसतील. त्या दाट ओळीची रुंदी खिशाच्या लांबीवरून आलेली आहे. छताभोवती उंच कठडा बांधला तर शंकूसारखे भोवरे छतापासून वर उचलले जातात आणि कोपऱ्यातली ओढ उतरते. अगदी बुटका कठडा मात्र काही वेळा ती वाढवतो, कारण तो भोवऱ्याला वर नेत नाही, नुसता एका जागी बांधून ठेवतो. जाळीदार कठडा किंवा गोलसर केलेली कड वेगळ्या वाटेने काम करते: पट्टा धारेवर एकसंध गुंडाळूच नये, एवढं ती पाहते. खरेदी केलेल्या पत्र्याची जाडी सगळीकडे एकच असते. स्क्रूंमधलं अंतर मात्र कोपऱ्याकडे जाताना कमी होत गेलं आहे की नाही, हे शिडीवर चढून टेपने मोजता येतं.